पुसणाऱ्याचा रकाना

काचेचा कोपरा ओठाला लावायचा. ओठ जरासा चिकटला तर ती मसाल्याची बाजू, नाही चिकटला तर ती नुसती काच. मसाल्याच्या बाजूला हात लावायचा नाही, काचेची बाजू तेवढी पुसायची. मसाल्याला काचांचं काम देणाऱ्या गोळे सरांनी एक इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते मला तेव्हाही आलं नाही अन् आताही येत नाही. पण त्या मसाल्यात आकाशाचा फोटो धरून ठेवलेला असतो, तारे काळे अन् आकाश पांढरं असा उलटा, एवढं समजलं होतं. आमच्या दिग्रसमध्ये असल्या काचांच्या चौदा पेट्या आल्या होत्या आणि त्या काचांना माझी बायको ओठ लावायची. मी सुरुवात इथूनच करतो, कारण माझं डोकं इथूनच फिरायला लागलं. निर्मला गेली त्याला आता वर्ष होईल. नातीचं म्हणणं, आबा, आजीबद्दल चांगलंच लिहा. मी म्हटलं, तिच्याबद्दल चांगलंच आहे. वाईट आहे ते माझ्याबद्दल, ते मला लिहू दे.

तेव्हा आम्ही कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागच्या वस्तीत राहायचो, विहाराच्या गल्लीत. माय, मी आणि लग्नाला वर्षही न झालेली निर्मला. मी विशीच्या आत-बाहेर, जिनात हमाल. हंगामात जिन सुरू झालं की आमची भिंत थरथरायची आणि फळीवरचे जर्मनचे डबे एकमेकांना लागून दिवसभर किणकिणायचे. भोंगा झाला की माय चुलीवर तवा टाकायची. कापसाचे तंतू सगळीकडे असत, रांजणात, वरणात, मायच्या केसांत. घास तोंडात घालायच्या आधी त्यावरचा तंतू काढायचा ही आमच्या घरची सवय, ती मला अजून आहे. आता जिन बंद आहे, तंतू नाहीत, तरी बोटं भाकरीवरून एकदा फिरतात. निर्मला मुकुटबनकडची. ती आंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करायची, वरून लसणाचं कच्चं तेल. जवसाची चटणी तर अशी कुटायची की माय, जी कोणाच्या हातचं चांगलं म्हणत नव्हती, तीसुद्धा बोटं चाटून म्हणायची, “शिकेल असून हिले कुटता येते बाप्पा.”

निर्मला मॅट्रिक होती. मी तिसरीतून पळालो तो पळालोच. आल्याबरोबर तिनं काय केलं, तर कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर हळद, तिखट, मीठ असं लिहिलं आणि खळीनं डब्यांना चिकटवल्या. माय हसून हसून बेजार. “मीठ चाखलं का समजते वं. लिहून कायले ठेवतं?” निर्मला म्हणाली, “माय, मीठ अन् सोडा सारखेच दिसतेत. एखांद्या दिवशी वरणात सोडा जाईन.” मी मात्र त्या चिठ्ठ्या येता-जाता पाहायचो. वाचता येत नव्हत्या, पण पाहायला बऱ्या वाटायच्या. तिचं अक्षर गोल, एका उंचीचं, जशी काही ओळीनं बसवलेली ज्वारी.

गोळे सर दिग्रसचेच, पण जन्म सगळा बाहेर गेलेला. कुठल्याशा डोंगरावरच्या वेधशाळेत ते नोकरीला होते. म्हातारपणी गावी परतले, तेव्हा वेधशाळेनं त्यांच्यामागे ट्रकनं ह्या पेट्या पाठवल्या. शंभर वर्षांपूर्वीपासून तिथल्या लोकांनी दुर्बिणीला काचा लावून फोटो काढले होते, पण कोणती काच कुठली, याची यादीच नव्हती. सरांनी ती करून द्यायची होती. जिनाच्या मालकानं त्यांना एक कोरडी खोली दिली. काचा पुसायला सरांना कापूस पाहिजे होता, म्हणून ते जिनात आले. चार जणांनी चार मुठी दिल्या. माझी मूठ त्यांनी उजेडात धरली. त्यात पत्ती नव्हती, सरकीचा तुकडा नव्हता, किडक्या बोंडाची पिवळी कवडी नव्हती. कचऱ्याचा एक कण राहिला तर काचेवर चरा पडतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण कापूस मला समजत होता. सर म्हणाले, “हा मुलगा मला द्या.” त्या दिवशी मी घरी छाती काढून आलो. दोन-चार दिवसांनी सर म्हणाले, आता चांगलं अक्षर असणारा माणूस पाहिजे. मीच म्हटलं, माझ्या बायकोचं पाहा. आणि खात्री पटावी म्हणून हळदीच्या डब्याची चिठ्ठी खरवडून काढून त्यांना नेऊन दाखवली. म्हणजे निर्मलाला त्या खोलीत मी नेलं. माझ्या हातानं नेलं.

कामाची रीत अशी होती. मधोमध टेबल, त्यात दुधी काच बसवलेली आणि खालून दिवा. मी पेटीतून काच काढायची, कडेला धरून, जसं तापलेल्या तव्याला धरतो तसं. निर्मलाच्या हातात द्यायची. तिनं कोपऱ्याला ओठ लावायचा आणि म्हणायचं, “इकडून.” मग मी तिकडून ओल्या कापसाच्या बोळ्यानं पुसायचं, आणि मग कोरड्या. तिनं कडेचा नंबर वाचून नव्या पाकिटावर लिहायचा, नंतर मोठ्या रजिस्टरात. रजिस्टरात रकाने पुष्कळ. नंबर, आकाशाचा भाग, काचेची हालत, शेरा, लिहिणाऱ्याची सही, आणि सगळ्यांत शेवटी पुसणाऱ्याची सही. सरांचा नियमच होता, ज्यानं काच हाताळली त्याचं नाव पाहिजे. त्यासाठी मी सही शिकलो. निर्मलानं परातीत पीठ पसरून माझं बोट धरून गिरवून घेतली. ‘लक्ष्मण’ एवढं लिहायला मला आठ दिवस लागले, क्ष काही केल्या बसत नव्हता. आणखी एक नियम होता. काही काचांवर जुन्या लोकांनी काचेच्या बाजूनं शाईनं खुणा केलेल्या असायच्या, एखाद्या ताऱ्याभोवती गोल, एखादा बाण. अशी काच पुसायची नाही. डावीकडे ठेवायची. निर्मला ती खूण कागदावर उतरवून घेईल, मग पुसायची.

ओठ लावायची गोष्ट आठ दिवसांत गावात पसरली. बाबू नावाचा माझ्याच बरोबरचा हमाल, तो गंजीवर बसून ओरडायचा, “काय बे लक्षा, तुही बायको काच चाटते म्हन्ते! घरी भाकर नाही देत का तिले?” सगळे हसायचे. मीही हसायचो. लोकांना वाटायचं मी सरांवर जळतो. सर पांढऱ्या मिशीचा, दम लागणारा म्हातारा माणूस, त्यांच्यावर काय जळायचं. मी निर्मलावर जळत होतो. आज लिहितो म्हणून सोपं वाटतं, तेव्हा हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. खोलीत मी तिला घेऊन गेलो, कापसाच्या पायी पहिलं नाव माझं झालं, आणि महिन्याभरात खोली तिची झाली. सर भिंग तिच्या हातात द्यायचे. “निर्मलाबाई, हे पाहिलंत का?” मी म्हणजे कापूस. मी काच दिली की दोघं त्यावर वाकायचे आणि मी उभा राहायचो, पुढची काच हातात धरून. एकदा मी म्हटलं, मलेही दावा ना भिंगातून. सरांनी लगेच दिलं, त्यांचं मन मोठं होतं. मी पाहिलं तर मला मिरी सांडल्यासारखे ठिपके दिसले. “काय दिसलं?” “ठिपके.” सर हसले, वाईट नाही हसले. निर्मलाही हसली. ते हसणं मी घरी घेऊन आलो आणि जेवताना आंबाडीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं. मीठ जास्त नव्हतं.

घरीही ती तेच बोलायची. भाकर थापता थापता मायला सांगायची, “माय, ह्या ताऱ्यायचा उजेड निंगाला तवा आपली दिग्रसची वेस बी नसन.” माय म्हणायची, “अस्सं? मंग आता कुठं जाऊन राह्यला थो?” दोघी पोट धरून हसायच्या. मी कोपऱ्यात विडी ओढत बसायचो. मायसुद्धा तिचीच झाली होती.

मग ती काच सापडली. सातव्या पेटीतली. उजवीकडे खाली शाईचा बारीक गोल होता, निळ्या-काळ्या शाईचा, आणि गोलाच्या आत एक ठिपका. निर्मलानं ती डावीकडे ठेवली. दोन दिवसांनी तिला आकाशाच्या त्याच भागाची दुसरी काच मिळाली, जुनी. तिनं दोन्ही शेजारी ठेवल्या, भिंग धरून बसली, इतका वेळ की मी दोनदा खाकरलो. मग म्हणाली, “सर, इथं गोलातला तारा हाये, अन् इच्यात त्या जागी काहीच नाही.” सर उठून आले. पाहिलं. खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, “एकाएकी पेटलेला तारा आहे हा. कोणीतरी हे पाहून खूण केली आणि पुढे कोणी लक्षच दिलं नाही. बाई, यादी आपण करतोय ती ह्यासाठी.” त्यांनी वेधशाळेला पत्र लिहिलं. उत्तर आलं, एक साहेब येतील, काम पाहतील, खूण पाहतील, आणि काचांच्या कोठीत त्यांना एक माणूस कायमचा पाहिजे आहे, तर या बाईंचाही विचार करतील. निर्मलानं पत्र घरी आणून मायला वाचून दाखवलं. मी विचारलं, “अन् माहं?” सर दुसऱ्या दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझं काय रे, तुझ्या हाताला कुठंही काम मिळेल.” ते खरंच होतं. पण तेच मला लागलं.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळी सर बसस्टँडवर गेले होते. निर्मला नळावर हातपाय धुवायला गेली, नवं लुगडं नेसून आली होती, त्याला डाग पडू नये म्हणून पदर खोचून. खोलीत मी एकटा. ती काच टेबलावर, दिवा लागलेला. खूण अजून उतरवलेली नव्हती, कारण साहेबांना शाईसकट दाखवायची होती. मी काच उचलली. मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. गोलाच्या वर तीन ठिपके एका रेघेत होते, तिसरा जरा मोठा. त्यांच्या खाली गोल. त्या एवढ्याशा गोलाच्या पायी माझी बायको डोंगरावर जाणार होती. मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि दोनदा फिरवला. शाई लगेच गेली. बोळा निळा झाला, तो मी खिशात टाकला. मग मी दाराशी जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं.

साहेब तरुण होते, बूट चमकणारे. सगळं पाहिलं, रजिस्टर पाहिलं, “अक्षर सुरेख आहे” म्हणाले. मग सर म्हणाले, ती काच दाखवा. निर्मलानं दिव्यावर ठेवली, भिंग साहेबांना दिलं. साहेब वाकले. “गोल कुठे आहे?” निर्मला वाकली. सर वाकले. काचेवर नुसते ठिपके, हजारो. साहेब सरळ झाले आणि हसून म्हणाले, “होतं असं. फार वेळ भिंगातून पाहिलं की नसलेलंही दिसतं.” सर गोंधळले, “मी स्वतः पाहिलं आहे हो,” म्हणाले, पण त्यांचा आवाज दमलेला होता आणि साहेबांना यवतमाळची बस गाठायची होती. निर्मलानं काच उचलली. सवयीनं कोपऱ्याला ओठ लावला. मग दुसऱ्या बाजूनं. तिथं ती थांबली. स्पिरिटचा वास अन् चव राहिली होती. साध्या पुसण्याला आम्ही स्पिरिट वापरत नव्हतो, ते फक्त चिकट डागाला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खिशाकडे पाहिलं. सदऱ्याच्या खिशातून निळं फुटून आलं होतं.

“पुसल्या गेली, साहेब,” ती म्हणाली. “खूण होती. माह्या हातून पुसल्या गेली.”

साहेब म्हणाले, “बाई, पहिला नियमच तो असतो.” आणि घड्याळ पाहिलं. नोकरीची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

घरी तिनं लुगडं बदललं, घडी घातली, पेटीत ठेवलं. चूल पेटवली, वरण केलं, मायला वाढलं, मला वाढलं. माय विचारत होती, साहेब काय म्हणे? “अक्षर सुरेख हाये म्हणे,” निर्मला म्हणाली. माय पाणी आणायला गेली तेव्हा मी म्हटलं, “निर्मला.” तिनं मला बोलू दिलं नाही. “तुम्ही एक डाव म्हटलं असतं ना, जाऊ नोको, तं मी गेली नसती. बह्याडासारखं कायले केलं? आता बी मी जाऊन नाही राह्यली. पण तुमच्यासाठी थांबली, असं मनात आनू नोका.” मग म्हणाली, “साहेबाजोळ मी खोटं बोलली. लिहिताना नाही बोलनार.” मी ते रागाचं बोलणं समजलो.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला गेली. सरांनी म्हटलं, दोन्ही काचा घेऊन पुन्हा शोधू. ती म्हणाली, “शाई जुन्या मानसाची होती सर, म्हून साहेब पाहाले आले. माह्या बोटाच्या खुनेले कोन मानते?” तिनं रजिस्टर ओढलं, शेऱ्याच्या रकान्यात दोन-तीन ओळी लिहिल्या, खाली आपली सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी रोजच्यासारखं ‘लक्ष्मण’ लिहिलं. क्ष चांगला जमला होता, मला आठवतं. मी म्हटलं, पाहा. तिनं पाहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

पुढे सरांचा दमा वाढला, यादी पुरी झाली, पेट्या परत गेल्या. निर्मलानं नंतर अंगणवाडीत जन्म काढला. मला वाचायला तिनंच शिकवलं, पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा, पोरीच्या पाटीवर दोघांना एकदम. त्या खोलीचं नाव आमच्या घरात निघालं नाही. भांडणं झाली, पुष्कळ झाली, पण त्या गोष्टीवरून एकही नाही. मला वाटायचं, ती विसरली.

ह्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. अनघा नाव, केस कापलेले, पाठीवर पिशवी. त्या वेधशाळेत आता सगळ्या काचांचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घालताहेत. गोळे सरांच्या पुतण्याकडून तिनं आमचा पत्ता काढला. निर्मलाबाईंना भेटायचं होतं म्हणाली. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. ती ओशाळली. मी चहा केला. साखरेचा डबा कोणता ते मला चिठ्ठी वाचूनच समजतं. मग तिनं कॉम्प्युटर उघडला आणि मला पाकिटं दाखवली, एकामागून एक, सगळी निर्मलाच्या अक्षरात. शेकडो. ती म्हणाली, “पाकिटं जुनी झाली, बदलतोय, पण ही आम्ही जपून ठेवणार आहोत. इतकं स्वच्छ काम सहसा मिळत नाही.” आणि पुन्हा मी तिच्यावर जळलो, म्हातारपणी. तिचं अक्षर त्या काचांपाशी चौदा पेट्या भरून आहे. माझ्यापाशी फळीवरचे डबे, आणि त्यातही हळदीची चिठ्ठी मीच खरवडलेली.

अनघा म्हणाली, “आजोबा, एक नोंद आम्हाला कळली नाही. वाचू?” मी म्हटलं, मला येतं वाचता. चष्मा लावला. निर्मलाचं अक्षर होतं, जरा दाबून लिहिलेलं. ‘या काचेवर शाईचे वर्तुळ होते. मी स्वतः पाहिले. साहेब येण्याअगोदर स्पिरिटने पुसले. पुसणाऱ्याची सही शेवटच्या रकान्यात आहे.’ आणि शेवटच्या रकान्यात, नीट, क्ष चांगला जमलेला, मी.

 चहावर साय आली. “आजोबा, ही सही तुमचीच ना?” मी म्हटलं, “माहीच.” मग तिला सगळं सांगितलं, कापसापासून.  शेवटी ती म्हणाली, “काच दाखवू?” पडद्यावर ती काच आली. तेच मिरीचे ठिपके. मी बोट फिरवलं. उजवीकडे, खाली. तीन ठिपके एका रेघेत, तिसरा जरा मोठा. त्यांच्याखाली बोट टेकवलं. “इथं होता गोल.” तिनं ती जागा मोठी केली. मोहरीएवढा एक ठिपका. मग तिनं आकाशाच्या त्याच भागाची दुसरी, जुनी काच उघडली, तीच जागा काढली आणि म्हणाली, “अहो आजोबा, इथं तर काहीच नाहीये.”  म्हटलं, चुकलो. म्हातारं डोकं, काय ठेवणार लक्षात. पण ती मोठ्यानं हसली. “म्हणजे बरोबर आहे! निर्मलाबाईंनी हेच तर म्हटलं होतं.”

तिनं तिथं नवा गोल काढला, लाल. मग टाइप करता करता विचारलं, “ज्यांनी शाईचं वर्तुळ काढलं त्यांचं नाव आता सापडणार नाही. पण हा फरक ज्यांनी पाहिला त्यांचं टाकते. पूर्ण नाव सांगा.” मी निर्मलाचं पूर्ण नाव सांगितलं, माहेरचंही सांगितलं, मुकुटबनही घालायला लावलं. तिनं दोनदा वाचून दाखवलं.

“आणि तुमचं, आजोबा? जागा तुम्ही दाखवलीत.”

मी म्हटलं, “माहं हाये त्याच रकान्यात राहू दे, बाई.”